जाणवत नाही, त्या दिवसांत

तुझ्या आवाजातला कोरडेपणा मला फार लागला गं. रडली असतीस तर मी एवढी हलले नसते. "ताई, दिवा लावते, देवापुढे बसते, डोळे मिटते, पण आत काहीच होत नाही. आधी व्हायचं. आता नुसती भिंत." एवढं बोललीस आणि लगेच मेसच्या भाजीवर गेलीस. मी तेव्हा गप्प राहिले. अशा बोलण्याला फोनवर घाईघाईनं उत्तर दिलं की ती नुसती समजूत होते, आणि समजूत घालणारी माणसं तुझ्याभोवती कमी नाहीत. म्हणून आज निवांत लिहायला बसले. तूही हे अभ्यासिकेत वाचू नकोस. खोलीवर जा, जेव, मग वाच.

तुला वाटतंय, आपली श्रद्धाच गेली. मला तसं वाटत नाही. ज्याची श्रद्धा खरोखर गेली त्याचं देवावाचून काही अडत नाही, तो त्यासाठी बहिणीला फोन करत नाही. तुझं अडलंय. सेट परीक्षा पुन्हा हातची गेली, खोलीतली मैत्रीण नोकरी लागून निघून गेली, इकडे घरात कुणी ना कुणी स्थळाचा विषय काढतंच. दिवस कुठून सुरू करायचा आणि कशासाठी, तेच कळेनासं झालंय. अशा वेळी माणूस देवाकडे जातो तो हात धरायला, आणि नेमका तेव्हाच हात लागत नाही, म्हणून दुप्पट घाबरायला होतं. हे मला ठाऊक आहे. आई गेली त्या वर्षी मी संध्याकाळी खांब तलावाकडून चालत यायची, आणि देवळापाशी आले की पाय पुढे सरकायचे नाहीत. राग नव्हता मनात. आत जाऊन काय करायचं, तेच सुचायचं नाही. तू बारावीत होतीस तेव्हा, तुला मी काही कळू दिलं नाही.

त्या वर्षी मला ज्या पुस्तकानं धरून ठेवलं, ते तुझ्या अभ्यासातलंच आहे. लीळाचरित्र. तू ते परीक्षेसाठी वाचलंयस: मराठीतला आद्य गद्य चरित्रग्रंथ, कर्ता म्हाइंभट, भाग तीन, एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध. आता ते परीक्षा बाजूला ठेवून वाच. हरवलेल्या माणसांचं पुस्तक म्हणून वाच.

त्यात आपलं भंडारा आहे, लक्षात आहे ना? चक्रधरस्वामी एकटेच फिरत होते त्या काळात त्यांची इथं निळभट्टांशी गाठ पडली, आणि निळभट्ट घरदार सोडून त्यांच्या मागे निघाले. महानुभाव पंथात त्यांची ओळख गावाच्या नावानंच राहिली, भांडारेकार. तेराव्या शतकातला आपल्या गावचा माणूस! एस.टी. स्टँडवरून रिक्षानं घरी येताना मला अधूनमधून त्यांची आठवण होते. याच मातीतून कुणीतरी सगळ्यावर पाणी सोडून एका भटक्या माणसामागे निघून गेलं होतं. त्यांना सन्निधान लाभलं, असं महानुभाव म्हणतात. देव शेजारून चालतोय, शेजारी बसून जेवतोय, पाय दुखतात का म्हणून विचारतोय. आपल्याला हेवा वाटावा असं ते जवळ असणं होतं.

सशाची गोष्ट तू लहानपणी माझ्याकडूनच ऐकलीस. पारधी मागे, कुत्री मागे, ससा जीव घेऊन पळत येतो आणि बसलेल्या स्वामींच्या मांडीखाली शिरतो. पारधी येऊन म्हणतात, आमचा ससा सोडा. स्वामी देत नाहीत. आसऱ्याला आलेला जीव आहे तो. पारध्यांचं मन वळतं, ते निघून जातात, आणि मग स्वामी सशालाही जायला मोकळं करतात. आता मोठेपणी मी या गोष्टीत सशाकडे बघते. त्याला त्या घडीला काय जाणवत असेल? शांती तर नाहीच. छाती धडधडतेय, कान मागे, डोळे फाटलेले. कुणाच्या मांडीखाली आपण शिरलोय हेही त्याला माहीत नसेल. त्यानं फक्त जागा गाठली. तू रोज दिवा लावून कोरड्या मनानं बसतेस ना, ते मांडीखाली शिरणंच आहे बाई. धडधड थांबायला वेळ लागतो. ती थांबलेली नाही म्हणून तू मांडीबाहेर आहेस असं होत नाही.

पण मला खरा आधार दिला तो पुढच्या भागानं. स्वामी उत्तरेकडे निघून गेले. त्यांचे शिष्य नागदेवाचार्य आणि बाकीची मंडळी मागे राहिली. विचार कर. आपल्याला देव दिसला नाही म्हणून आपण रडतो. यांनी तर त्याला शेजारी पाहिला होता, आणि आता समोर मोकळी वाट. ही माणसं रिद्धपूरला स्वामींच्या गुरूंपाशी, श्रीगोविंदप्रभूंपाशी जाऊन राहिली, त्यांची सेवा करू लागली. पुढे तेही गेले. दुसऱ्यांदा पोरकं होणं. या दिवसांत नागदेवाचार्य काय करायचे? एकांतात बसून स्वामींच्या लीळा आठवायचे. ते इथं असं बसले, तिथं असं हसले, अमक्याला असं बोलले. परंपरा सांगते की हे पाहूनच म्हाइंभटांच्या मनात आलं, हे सगळं लिहून ठेवलं पाहिजे. मग ज्यानं ज्यानं स्वामींना पाहिलं होतं त्याच्याकडे ते गेले, विचारलं, ऐकलं, लिहिलं. नंतरच्या धामधुमीत ती मूळ प्रत गेली, तेव्हा हिराइसा नावाच्या बाईंच्या पाठांतरातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, असंही सांगतात.

म्हणजे बघ, ज्या पुस्तकापासून तुझा मराठी गद्याचा अभ्यास सुरू होतो, ते देव डोळ्यांआड गेल्यावर लिहिलं गेलंय. सन्निधान असताना कुणाला लिहायची गरज वाटली नाही. जवळ नाही, दिसत नाही, हाक मारली तरी उत्तर येत नाही, अशा माणसांनी एकमेकांना विचारून विचारून त्याला जवळ ठेवलं.

म्हणून मी तुला 'मन एकाग्र कर, अनुभव येईल' असं म्हणणार नाही. तुझं मन आधीच थकलंय, त्याच्यावर आणखी एक परीक्षा कशाला लादायची? मी म्हणते, आठव. एक वही घे. त्यात तुझ्या लीळा लिही, म्हणजे त्याच्या, तुझ्या आयुष्यातल्या. कधी कुणाच्या तरी रूपानं तू सांभाळली गेलीस, ते लिही. पहिली मीच देते. तू चार-पाच वर्षांची असशील. नवरात्रात आईबरोबर आपण मोहाडीला चौंडेश्वरीच्या दर्शनाला गेलो होतो आणि गर्दीत तुझा हात सुटला. आई वेड्यासारखी हाका मारत होती. शेवटी सापडलीस ती एका म्हाताऱ्या बाईच्या मांडीवर, बांगड्यांच्या दुकानाशेजारी. तिनं तुझ्या हातात खोबऱ्याचा तुकडा दिला होता, आणि तू तिच्या हिरव्या लुगड्याचा पदर एवढा घट्ट मुठीत धरला होतास की आई आली तरी सोडेनास. ती बाई कोण, कुठली, आपल्याला माहीत नाही. आई त्यानंतर कितीतरी वर्षं म्हणायची, देवीनंच पोरीला धरून ठेवलं. तुला हे आठवत नसेल. मला आठवतं, म्हणून तुला सांगितलं. अशा गोष्टी बाबांना विचार, मावशीला विचार. आपल्याला आठवत नाही ते दुसऱ्याजवळ असतं.

आत्याबाईंचं तुला थोडं सांगते. माझ्या आतेसासू, तू लग्नात भेटलीस त्यांना. त्यांचं गाव गोसीखुर्दच्या पाण्यात गेलं. 1988 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते त्या धरणाची पायाभरणी झाली तेव्हा त्या सून होत्या, गाव सोडलं तेव्हा सासू झालेल्या. नव्या वस्तीत घरं एका ओळीत, रस्ते सरळ, पण खूण म्हणून कशाची नाही. गावकऱ्यांनी मातामाय वाजतगाजत आणली, नवा पार बांधून तिथं बसवली. सगळ्या बाया ओटी भरून आल्या. आत्याबाई पण गेल्या, आणि घरी येऊन मला म्हणाल्या, "माय आली वं इथं, माहं मन नाही आलं." पुढे किती तरी दिवस दिवेलागणीला त्या पाराकडे न जाता मागच्या दारात यायच्या आणि वैनगंगेच्या दिशेनं हात जोडायच्या. पाण्याखालच्या जागेला.

कुणी त्यांना समजवायला गेलं नाही, हे फार बरं झालं. त्या भाजी निवडता निवडता जुनं गाव सांगायच्या. बोडी कुठं होती, आंब्याखालच्या पारावर कोण बसायचं, एका वर्षी परे टाकून झाले आणि पाऊसच गेला तेव्हा बाया रात्रभर मातामायपाशी कशा बसून राहिल्या. मी ऐकायची. पुढे पोरं ऐकायला लागली, मग शेजारच्या वस्तीतल्या बायासुद्धा. आणि हे सांगता सांगता कधीतरी, कुठल्या दिवशी ते त्यांनाही सांगता येणार नाही, आत्याबाई नव्या पारावर जाऊन बसायला लागल्या. तू धानाच्या गावची पोर आहेस, रोवणी झाल्यावर परे कसे पिवळे पडतात ते पाहिलंयस. आठवडाभर बांधीकडे बघवत नाही. नवखा माणूस म्हणेल, पीक गेलं. पण उपटून लावलेलं रोप नव्या चिखलात मुळं धरत असतं तेव्हा. तू भंडाऱ्याहून पुण्याला उपटून लावली गेलीस, त्यात हे अपयश. पिवळी पडलीस. पडू दे.

पवनीत सापडलेल्या एका शिल्पाचं चित्र मी कपाटाला आतून चिकटवून ठेवलंय. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं तिथं उत्खनन केलं, स्तूपांचे अवशेष निघाले, हे तुला माहीत आहेच. तिथल्या एका स्तंभावर मुचलिंद नागराज कोरलाय. संबोधीनंतर वादळपाऊस आला तेव्हा ज्यानं फणा धरून बुद्धांना सांभाळलं, तो. फणा उभारलेला आहे आणि त्याखालचं आसन रिकामं आहे. त्या काळी बुद्धांची मूर्ती घडवत नसत. बुद्ध म्हणजे देव नव्हेत, हे आपल्या आळीतल्या बौद्ध घरांतून आपण लहानपणापासून ऐकत आलोय, आणि त्या शिल्पाला आपल्या देव्हाऱ्यात ओढून आणायचा माझा विचार नाही. पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरानं ज्याच्यासाठी एवढा फणा कोरला, त्याची जागा मोकळी ठेवली, आणि बघणाऱ्याला कुणाला विचारावं लागलं नाही की इथं कोण बसलंय. मन रितं वाटतं त्या दिवशी मी कपाट उघडून ते चित्र बघते. ज्याच्यासाठी आसन मांडून ठेवलंय, त्याला आपण विसरलेलो नाही, एवढं तरी मला त्यातून कळतं.

आणि असं वाटणारी तू एकटी नाहीस गं. मदर तेरेसांची खासगी पत्रं 2007 मध्ये पुस्तकरूपानं आली तेव्हा जग चकित झालं. कोलकात्याच्या रस्त्यांवर मरणाऱ्यांना उचलून आणणाऱ्या त्या बाईंना जवळजवळ सगळं उरलेलं आयुष्य, काही दशकं, आत अंधारच जाणवत होता. प्रार्थना करायच्या आणि पलीकडे कुणी नाही असं वाटायचं. तरी पहाटे उठून प्रार्थनेला बसायच्या आणि मग कामाला जायच्या. त्या पत्रांबद्दल वाचलं तेव्हा मला धक्का बसला नाही. सुटल्यासारखं वाटलं.

एक मात्र तुझ्याकडून हवंय. आपल्या अपयशामागे देवाचा काय हेतू असेल, हे शोधत बसू नकोस. मैत्रिणी म्हणतील, याहून चांगलं काहीतरी त्यानं तुझ्यासाठी राखून ठेवलं असेल. त्या प्रेमानं म्हणतात, ऐकून घे, पण मनात धरू नकोस. 9 जानेवारी 2021ची रात्र आपल्या गावानं पाहिलीये. जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात बाळांच्या कक्षाला पहाटे दोनच्या सुमारास आग लागली, 10 बाळं गेली. खेड्यापाड्यांतून, मजुरीच्या घरांतून आलेल्या आया होत्या त्या. त्या सकाळनंतर 'जे होतं ते त्याच्या इच्छेनं आणि भल्यासाठीच' हे वाक्य माझ्या तोंडून निघालेलं नाही आणि निघणार नाही. कुठल्याही आईला ते ऐकवायचा कुणाला हक्क नाही. माझा देव त्या आगीमागचा हेतू सांगणारा नाही. तो असलाच तर त्या आयांच्या शेजारी, फरशीवर बसलेला असणार, अशीच माझी श्रद्धा आहे. त्यापलीकडे मला काही सांगता येत नाही, आणि सांगता यावं असं वाटतही नाही.

म्हणून तुला राग आला तर तो त्याच्यापुढेच काढ. प्रश्न पडले तर विचार. महदाइसा आठव. बालविधवा, नागदेवाचार्यांच्या नात्यातली, मराठीची आद्य कवयित्री. लीळाचरित्रात ती स्वामींना सारखी काही ना काही विचारत असते, उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारते, आणि स्वामींना तिची ही जिज्ञासा आवडते. तिला कुणी गप्प बस म्हणून बाजूला बसवलं नाही. तुझ्या रोजच्या पाच मिनिटांत तू फक्त नाम घेतलंच पाहिजेस असं नाही. "का रे असं केलंस?" एवढंच म्हणून उठलीस तरी तेही त्याच्याशी बोलणंच झालं. पण वेळ ठरलेली ठेव आणि ती थोडीच ठेव. मन लागलं का, डोळ्यांत पाणी आलं का, याचा हिशोब उठल्यावर मांडू नकोस.

आणि एकटी बसू नकोस. तुकडोजी महाराजांनी संध्याकाळच्या प्रार्थनेला 'सामुदायिक' का म्हटलं असेल, याचा मी आता जास्त विचार करते. आपल्याकडच्या कितीतरी गावांत गुरुदेव सेवा मंडळाची माणसं दिवसभर चिखलात राबून हातपाय धुऊन ओळीनं येऊन बसतात. प्रत्येकाचं मन रोज लागत असेल असं थोडंच आहे? एखाद्याच्या डोक्यात सोसायटीचं कर्ज असेल, एखादी पोराच्या तापाच्या काळजीत असेल. ज्याचं आज लागतं, त्याच्या आवाजात ज्याचं लागत नाही त्याचाही आवाज मिसळून जातो. पुण्यात भजनाला जा, कीर्तनाला जा, नाहीतर तुझ्या खोलीच्या मालकीणबाई गुरुवारी आरती करतात म्हणालीस, तिथं टाळ वाजवायला जा. काही वाटलं नाही तरी चालेल. माणसांत बस.

आता ताई म्हणून एक स्पष्ट विचारते, खरं सांग. झोप लागते का? जेवण जातं का? सकाळी उठूच नये असं वाटतं का, जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं? तसं होत असेल तर ते नुसतं श्रद्धेचं दुखणं नाही, त्याला डॉक्टर लागतो, आणि डॉक्टरकडे जाण्यात देवावर अविश्वास बिलकूल नाही. टेलिमानस म्हणून सरकारी सेवा आहे, 14416 हा नंबर, फुकट, रात्री-बेरात्री केव्हाही लागतो, मराठीत बोलता येतं. आत्ताच मोबाईलमध्ये घालून ठेव. आणि त्याआधी मला कर. रात्री दोनला कर. तुझे भाऊजी काही म्हणत नाहीत, त्यांनीच सांगितलंय तुला लिही म्हणून.

पोळ्याला ये. परीक्षेचा पुढचा फॉर्म भरायचा की नाही, ते इथं बसून ठरवू, तिथं एकट्या खोलीत ठरवू नकोस. महाराष्ट्र एक्स्प्रेसचं तिकीट काढ, वरठीला उतर, मी घ्यायला येते. येताना ती वही आण, चार ओळी लिहिल्या असल्या तरी आण. एक दिवस पवनीला जाऊ, घाटावर बसू, टेकडी बघू. आत्याबाईंना तू येणार म्हणून सांगून ठेवलंय. त्या विचारत होत्या, "पोरीले खायाले काय आवडते वं?" मी धोप्याच्या पानाच्या वड्या म्हणून सांगितलं. अजूनही आवडतात ना? नसतील तर आधी कळव, त्या आतापासून पानं राखून ठेवताहेत.